अंगावरचे यंत्र आणि अंगमेहनतीचा दिवस

शरीरात अखंड घडत असलेली एखादी गोष्ट, मग ती रक्तातील साखरेची चढउतार असो, हृदयाच्या ठोक्यांची लय असो किंवा फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब असो, टिपून घेऊन तिचे आकड्यात किंवा आलेखात रूपांतर करणाऱ्या साधनाला वैद्यकीय संवेदक म्हणतात; रोजच्या बोलण्यात त्यासाठी सेन्सर हा शब्द रुळला आहे. यांपैकी काही संवेदक मनगटी पट्टा, दंडावर चिकटवायची चकती किंवा छातीवरची पट्टी या रूपाने अंगावर वागवायचे असतात, तर काही लहानमोठ्या शस्त्रक्रियेने कातडीखाली, हृदयात किंवा रक्तवाहिनीत बसवले जातात. प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना दिला की रुग्ण मोकळा होतो. संवेदक मात्र त्याच्याबरोबर जेवतो, झोपतो, कामावर जातो आणि घामाने भिजतो. त्यामुळे तो किती दिवस, दिवसातले किती तास आणि कोणत्या अवस्थेत अंगावर टिकला हे पाहिल्याशिवाय त्याच्या अचूकतेचा हिशोब पुरा होत नाही. काढून कपाटात ठेवलेले यंत्र कोणताही आकडा देत नाही, आणि ते कपाटात का गेले याचे उत्तर बहुतेक वेळा ते वापरणाऱ्याकडेच असते. हे उत्तर यंत्र घडवण्याच्या आधी मिळवावे, या आग्रहातून ‘रुग्णाची पसंती’ हा अभ्यासविषय उभा राहिला असून, येथे त्याचा परिचय सांगली जिल्ह्यातील विटा या कामकरी शहराच्या अंगाने करून देण्याचा प्रयत्न आहे.

या यंत्रांचा इतिहास पाहिला तर रुग्णाचा शब्द त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्याशी जोडलेला दिसतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाच्या विद्युतलहरी चालत्याफिरत्या माणसाकडून टिपण्याचा प्रयोग केला, तेव्हा पाठीवर घ्यावयाच्या यंत्राचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज रुग्णालयात ‘होल्टर लावला’ असे सहज म्हटले जाते ते खिशात मावणारे यंत्र त्याच ओझ्याचे वंशज आहे. होल्टर यांच्या प्रयोगानंतरच्या दशकात हृदयाला बाहेरून विजेचे हलके धक्के देऊन लय राखणारे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत असत, म्हणजे रुग्णाचे जग तारेच्या लांबीएवढे असे. ऑक्टोबर १९५७ च्या अखेरीस मिनियापोलिस येथे वीज गेली आणि त्यात एक बालरुग्ण दगावले, तेव्हा शल्यविशारद लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बाकन यांनी काही आठवड्यांतच बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा पेसमेकर तयार केला. त्याच्या पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पूर्णपणे आत बसवलेला पेसमेकर बसला, आणि त्यामागे त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांचा हट्ट होता. पतीला दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्धीचे झटके येत असताना त्यांनी शल्यविशारद ऑके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्यामागे लकडा लावला. माणसासाठी असे यंत्र अजून तयारच नाही, हे उत्तर त्यांनी मानले नाही. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेले ते पहिले यंत्र काही तासच चालले. परंतु लार्सन पुढे एकामागून एक २६ पेसमेकर वापरत २००१ पर्यंत जगले आणि त्या दोघा निर्मात्यांच्याही मागे उरले. एका गृहिणीच्या निकडीतून ही वैद्यकशाखा सुरू झाली, हे तिच्या पाठ्यपुस्तकांत आजच्यापेक्षा ठळकपणे यायला हवे.

पुढे उद्योग वाढला, यंत्रे कारखान्यात हजारोंनी बनू लागली आणि निर्णय अभियंता, डॉक्टर व नियामक यांच्यातच होऊ लागले. रुग्णाचे मत पुन्हा औपचारिकपणे विचारात घेण्याचे श्रेय काही अंशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला जाते. वैद्यकीय उपकरणांना मान्यता देताना रुग्णांच्या पसंतीची माहिती कशी गोळा करावी आणि कशी वापरावी, याचे मार्गदर्शन त्या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी, जानेवारी २०१५ मध्ये, लठ्ठपणावरील एका आरोपित यंत्राला मान्यता मिळाली होती. त्याच्या मुख्य चाचणीतले ठरलेले उद्दिष्ट पुरते गाठलेले नसतानाही, किती वजन घटण्यासाठी किती धोका पत्करण्यास लोक तयार आहेत याची पाहणी निर्णयात विचारात घेतली गेली होती. या पाहण्यांची नेहमीची रीत अशी की उत्तर देणाऱ्यासमोर दोन काल्पनिक यंत्रे ठेवतात. एक लहान पण दर दोन आठवड्यांनी बदलायचे, दुसरे वर्षभर टिकणारे पण त्वचेला छेद देऊन बसवायचे. आणि अशा अनेक जोड्यांमधून केलेल्या निवडींवरून किंमत, वेदना, आकार, अचूकता, दृश्यता या प्रत्येक गुणाला लोक किती वजन देतात ते गणिताने काढतात. संशोधक या रीतीला पृथक निवड प्रयोग म्हणतात. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी माणूस दुसरी किती सोडायला तयार आहे हे ‘तुम्हाला काय आवडते’ या प्रश्नातून कळत नाही, ते या रीतीतून कळते, हे तिचे बळ आहे. तिची मर्यादाही तेवढीच मोठी आहे, कारण जोडीत जे गुण लिहिलेलेच नसतात त्यांच्याविषयी उत्तर येऊ शकत नाही. गुणांची यादी मिनेसोटात किंवा बंगळुरूच्या कार्यालयात तयार झाली असेल, तर मागाच्या खडखडाटात इशाऱ्याची शिट्टी ऐकू येते का, हा प्रश्न तिच्यात असण्याचे कारणच उरत नाही.

विट्याची निवड याच कारणासाठी केली आहे. खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यापासून फार दूर नाही, तरी त्याचे नाते आटपाडी, आणि साताऱ्याकडचे खटाव-माण, या अवर्षणप्रवण पठाराशी आहे. टेंभू उपसा योजनेचे पाणी येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागाने शेतीवर भरवसा न ठेवता दोन धंदे उभे केले: शहरात आणि भोवती यंत्रमाग, आणि शहराबाहेर, म्हणजे देशभर, सोन्याचांदीची गलाई. मोठ्या दुखण्यासाठी येथील माणूस सांगली-मिरजेकडे किंवा कराडकडे वळतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केल्यापासून आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून मिरज हे या परगण्याचे दवाखान्याचे गाव झाले आहे. आजार मात्र आता केवळ मिरजेला जाण्याचे राहिले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर दाखवली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सारे असे आजार आहेत की ज्यांची देखरेख रोज, घरी आणि कामावर व्हावी लागते. संवेदकांची खरी गरज अशाच गावांत आहे, आणि ते घडवताना विचारात न घेतलेली माणसेही येथेच राहतात.

यंत्रमागाच्या शेडमधला एक दिवस डोळ्यांसमोर आणला तर याचा अर्थ उलगडतो. एकेक कामगार एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवतो, पाळी बहुधा बारा तासांची असते, मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, आणि ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून तो जोडेपर्यंत कमाई थांबते. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानली जाते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा तिच्या वरच असतो, आणि वर्षानुवर्षे त्यात काम केलेल्यांना ऐकू कमी येते. अशा माणसाच्या दंडावर साखर मोजणारी चकती लावली आणि साखर धोक्याइतकी खाली गेल्यावर मोबाइलने शिट्टी दिली, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जवळजवळ नाही. खिशातल्या फोनची थरथर हा पर्यायही मागांच्या हादऱ्यांनी आधीच थरथरणाऱ्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत दुबळा ठरतो. शांत खोलीत यंत्र पारखणाऱ्या अभियंत्याला आवाज आणि कंपन हे दोन स्वतंत्र, भरवशाचे मार्ग वाटतात, तर मागवाल्याच्या दृष्टीने ते दोन्ही आधीच व्यापलेले असतात. त्याच्या ध्यानात येईल असा इशारा कदाचित कातडीवर थेट बसणाऱ्या ठसठशीत ठोक्याचा असेल, किंवा शेजारच्या मागावरील जोडीदाराच्या फोनवर जाणारा असेल. पण हे ठरवण्याआधी त्याला विचारले पाहिजे, कारण आपली साखर खाली गेल्याचे जोडीदाराला किंवा मालकाला कळावे अशी त्याची इच्छा असेलच असे नाही. घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायकांचे काम तर कोणत्याही पाळीत बसत नाही. त्यांच्या हाताची लयबद्ध हालचाल मनगटी यंत्राला चालण्यासारखी भासू शकते आणि बसून काम करणाऱ्या बाईच्या नावावर न टाकलेली पावले जमा होऊ शकतात.

गलाईचा धंदा याहून वेगळ्या रीतीने परीक्षा घेतो. जुन्या दागिन्यांतून आणि पेढीतल्या केरकचऱ्यातून शुद्ध सोने-चांदी वेगळी करणारे विटा-खानापूर-आटपाडीचे कारागीर काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सराफ कट्ट्यांत पसरले आहेत. एका अर्थाने विट्याचा निम्मा संसार विट्याबाहेर आहे. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा भट्टीपुढचे काम काय उष्म्यात चालते ते सांगायला नको. त्याउलट दंडावरच्या साखर-संवेदकाचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार १० ते ४५ अंशांच्या दरम्यान काम करण्यासाठी घडवलेला आहे. चांदी सोन्यापासून सोडवण्यासाठी तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, वापरतात, आणि त्यातून उठणाऱ्या तपकिरी धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू अत्यंत कपटी असतो. श्वासाबरोबर आत गेल्यावर लगेच फारसा त्रास होत नाही, आणि काही तासांनी, कित्येकदा रात्री झोपेत, फुफ्फुसांत पाणी भरू लागते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण रात्रभर टिपणारे साधन अशा कारागिराच्या खरोखरीच जिवाची राखण करू शकेल, आणि ते बोटाच्या चिमट्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असावे लागेल, कारण तेजाबाने चरबरलेल्या, चिरा पडलेल्या बोटावर चिमटा रात्रभर सोसत नाही. दुसरा प्रश्न शरीरात बसवलेल्या यंत्रांचा आहे. पेसमेकर असलेल्यांनी विजेच्या इंडक्शन शेगडीपासूनही सुमारे ६० सेंटिमीटर अंतर राखावे असा सल्ला दिला जातो, आणि कोळशाच्या भट्टीची जागा घेणारी इंडक्शन भट्टी त्या शेगडीपेक्षा कितीतरी पटींनी बलवान चुंबकीय क्षेत्र तयार करते. हृदयाला ‘मशीन बसवलेल्या’ गलाईवाल्याला धंदा बदला असे सांगणे सोपे आहे, परंतु त्याच्या हाती दुसरा धंदा नसतो. यंत्राची निवड करतानाच त्याची भट्टी कोणती आहे हे विचारण्याची पद्धत रुग्णालयांत रुजली पाहिजे.

कातडीचा विषय तंत्रज्ञांनी बराच काळ दुय्यम मानला, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. दंडावरच्या चकतीखाली केसाएवढा बारीक तंतू त्वचेत काही मिलिमीटर शिरलेला असतो. पेशींभोवतीच्या द्रवातील साखरेवर त्या तंतूवरचे विकर काम करते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो, जो रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. हे सारे घडायचे तर चकती चौदा दिवस चिकटून राहिली पाहिजे. युरोपात २०१४ मध्ये आलेल्या अशा एका लोकप्रिय संवेदकामुळे अनेकांच्या दंडावर पुरळ उठू लागले आणि २०१७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी त्यातील आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनाकडे बोट दाखवले. महाराष्ट्रातील स्त्रियांना या दुखण्याची ओळख त्याहून जुनी आहे. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शियरी ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर पांढरा डाग पडतो हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवलेले आहे, आणि असा डाग पडला की लोक त्याला कोड समजतात, मुलीच्या लग्नाची काळजी सुरू होते. म्हणून नवा चिकट पदार्थ अंगावर लावून घेण्याबाबत एखादी बाई कां-कू करते, तेव्हा तिला अडाणी ठरवण्यापेक्षा तिच्याजवळ अनुभवाचा पुरावा आहे असे मानणे शास्त्राला धरून होईल. त्वचेच्या रंगाचेही तसेच आहे. बोटावरचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवून, प्राणवायूने भरलेले आणि रिकामे रक्त त्यांना किती शोषते यावरून अंदाज बांधतो, आणि त्वचेतील कृष्णद्रव्य त्या हिशोबात ढवळाढवळ करते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरूनही यंत्राने ठीक दाखवल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत महाराष्ट्रातील आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या, आणि उन्हात रापलेल्या बोटांवरचे आकडे वहीत लिहून घेत होत्या. ती यंत्रे कोणत्या बोटांवर पारखली होती, हा प्रश्न तेव्हा विचारायला कोणाला सवड नव्हती. आता ती आहे.

यंत्र दिसावे की लपावे, यावर पाश्चात्त्य अभ्यासांत भरपूर लिहिले गेले आहे, पण अंगावर काय असते याचा मराठी संदर्भ त्यात येत नाही. मराठी शरीर उघडे नसते. त्यावर मंगळसूत्र, बांगड्या, करदोडा, तुळशीची माळ, ताईत, काळा दोरा यांपैकी काहीतरी असतेच, आणि यातील प्रत्येक वस्तू संवेदकाची जागा आधीच अडवून बसलेली किंवा त्याला आडोसा देऊ शकणारी आहे. हिरव्या चुड्याने भरलेल्या मनगटावर पट्टा सरकतो, आणि चुडा उतरवून पट्टा घाला असे नव्या सुनेला सांगणाऱ्याला घरातून काय उत्तर मिळेल ते सांगण्याची गरज नाही. याची जाण असलेले प्रयत्न भारतात झालेले आहेत. आयआयटी मुंबईत या शतकाच्या पहिल्या दशकात हृदयाच्या विद्युतलहरी नोंदवणारे छोटे यंत्र विकसित झाले, तेव्हा त्याला ‘सिलिकॉन लॉकेट’ असे नाव देण्यात आले. गळ्यात काहीतरी घालण्याची सवय येथे प्रत्येकाला आहे, हे त्यामागे गृहीत होते. राजस्थानातील उदयपूरकडे ‘खुशी बेबी’ या उपक्रमाने बाळाच्या लसीकरणाची नोंद ठेवणारी चिप काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली. दृष्ट लागू नये म्हणून आई असा दोरा बांधतेच, तेव्हा तो हरवत नाही. ती चिप काही मोजत नाही, केवळ नोंद ठेवते, तरीही अंगावर वागवायच्या यंत्राची घडण कशी सुरू व्हावी याचे ते उत्तम उदाहरण आहे. दृश्यतेचा दुसरा पैलू अधिक वेदनादायक आहे. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना दंडावरची चकती पोलक्याच्या बाहीखाली झाकली जावी असे वाटते, कारण स्थळ येण्याआधी गावभर ‘हिला शुगर आहे’ असे होऊ नये. हीच मुलगी पुण्यात शिकायला गेल्यावर तीच चकती उघड्या दंडावर बिनदिक्कत वागवू शकते. पसंती ही माणसागणिक बदलते एवढेच नव्हे, त्याच माणसाची पसंती गावागणिक बदलते.

शरीरात बसवायच्या यंत्रांचे आकर्षण या लपवण्याच्या गरजेतूनही वाढते. कातडीखाली बसवायचा साखर-संवेदक अमेरिकेत २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी मान्य झाला, त्याची मुदत २०२२ मध्ये १८० दिवसांची आणि २०२४ मध्ये वर्षभराची झाली. पण कातडीखालचा भाग दिसत नसला तरी त्याचे आकडे फोनकडे पाठवणारा प्रक्षेपक वरून दंडावर चिकटवावाच लागतो, तेव्हा लपवण्याची हौस अर्धीच भागते. शिवाय बसवायला आणि काढायला प्रशिक्षित डॉक्टर लागतो. वर्षाच्या शेवटी कारागीर कोईमतूरच्या पेढीवर असेल आणि डॉक्टर सांगलीत, तर वर्षभराची सोय एका दिवसाच्या अडचणीत अडकते.

खर्चाचा प्रश्न तर सर्वांच्या पुढे उभा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचा रोख रुग्णालयातील उपचारांवर आणि शस्त्रक्रियांवर आहे. दर पंधरवड्याला काही हजार रुपये मागणारी चकती खिशातूनच घ्यावी लागते. भारतात २०१५ मध्ये आलेल्या एका प्रकारात डॉक्टर चकती लावतो आणि चौदा दिवसांनी तोच आकडे वाचतो, मधल्या काळात रुग्णाला काहीच दिसत नाही. हे परवडणारे आहे, वर्षातून एकदोनदा करता येते, आणि त्यातून गोळ्यांची मात्रा सुधारते. परंतु चौदा दिवस आपल्याच शरीराची माहिती आपल्याला न दिसणे एखाद्याला सोयीचे वाटेल आणि दुसऱ्याला अपमानाचे. मुंबईतील होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतील मृत व्यक्तींचे, त्यांच्या कुटुंबीयांनी अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांमार्फत दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले आणि ते व्यवस्थित चालल्याचे २०११-१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एखाद्या परक्या मृताच्या छातीतले यंत्र आपल्या छातीत घेण्यास हे रुग्ण तयार झाले, यावरून त्यांची पसंती तीच होती असे म्हणणे घाईचे ठरेल. समोर दुसरा पर्याय नसताना दिलेला होकार हा पसंतीच्या पाहणीत वेगळ्या रकान्यात लिहिला पाहिजे. याच संदर्भात एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी, जी अनेकदा सांगितली जात नाही: पेसमेकरची बॅटरी चितेच्या आगीत फुटू शकते, म्हणून दहनाआधी तो काढावा लागतो. हे स्मशानाच्या वाटेवर कळण्यापेक्षा यंत्र बसवतानाच, रुग्णाला आणि त्याच्या मुलांना, शांतपणे सांगितले तर ते यंत्र पुढे कोणाला द्यावे का, हाही निर्णय त्या घराला आपल्या इच्छेने घेता येईल.

संवेदकाचा आकडा कोणाच्या हातात जातो, यावर त्याची स्वीकृती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. यंत्रे घडवणारे एक माणूस, एक फोन असे समीकरण धरून चालतात, आणि विट्याच्या अनेक घरांत फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. बाईची साखर, तिच्या हृदयाची धडधड, तिची झोप, गरोदरपणाची चाहूलसुद्धा, तिच्याआधी दुसऱ्याला दिसू शकते. याच्या उलट बाजूची गरजही तितकीच खरी आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये मधुमेही मुलांच्या पालकांनी, कामावर असताना मुलाचे आकडे दिसावेत म्हणून, कंपन्यांची वाट न पाहता स्वतःच संगणकप्रणाली लिहून ‘नाइटस्काउट’ नावाची व्यवस्था उभी केली. केरळातल्या पेढीवर बसून विट्याच्या शाळेत असलेल्या लेकीची साखर पाहू इच्छिणाऱ्या गलाईवाल्या बापाची इच्छा तीच आहे. ह्यूगो कँपोस या अमेरिकी रुग्णाने आपल्या छातीतील डीफिब्रिलेटरची, म्हणजे हृदयाची घातक लय विजेच्या धक्क्याने मोडणाऱ्या यंत्राची, माहिती कंपनीला आणि डॉक्टरला मिळते पण आपल्याला मिळत नाही, याविरुद्ध वर्षानुवर्षे जाहीरपणे आवाज उठवला. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचा आणि आपली माहिती पाहण्याचा हक्क शब्दांत आणला आहे. पण संमतीचा मजकूर इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि सासऱ्याच्या फोनवर उघडत असेल तर त्या हक्काचा उपयोग कोण करणार, याची चिंता कायद्याबरोबरच यंत्राच्या रचनाकारालाही वाहावी लागेल.

लोकांना कसे विचारावे याचा धडा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केल्यावर, आदिवासी माणसे दवाखान्यात का येत नाहीत हे त्या माणसांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे घातलेली माणसे मयताच्या कापडाची आठवण करून देतात, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली, आणि त्यांतूनच शोधग्राम येथील त्यांचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे, कुटुंबाला सोबत ठेवणारे आणि मा दंतेश्वरी या देवीच्या नावाचे झाले. तेथे औषधशास्त्र बदलले नाही. औषधशास्त्रापर्यंत येण्याची वाट बदलली. यंत्रांच्या बाबतीतही अशा विचारण्याची गरज आहे, आणि मोजण्याच्या शास्त्रालाही त्याचा लाभ होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये मांडली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३ इतकाच होता, पण याज्ञिकांच्या शरीरातील चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के भरली. उंची-वजनावरून शरीराचा अंदाज बांधणारी मनगटी यंत्रे दुसऱ्या देशातील शरीरांवर घडलेली सूत्रे येथे वापरतात तेव्हा काय निसटते, ते या दोन आकड्यांतून समजते. रुग्णाचे मत आणि रुग्णाचे शरीर या दोन्ही गोष्टी येथेच तपासाव्या लागतात.

विट्यासारख्या ठिकाणी असे विचारणे दवाखान्याच्या बाकावर होऊ शकणार नाही, कारण डॉक्टरसमोर रुग्ण बहुधा ‘तुम्ही म्हणाल तसे’ असे म्हणतो. ते पाळी सुटण्याच्या वेळी शेडच्या दारात, कांड्या भरणाऱ्या बायकांत बसून, आणि गलाईवाले गावच्या जत्रेला किंवा दिवाळीला परततात त्या दिवसांत व्हायला हवे. बाईला विचारणारी बाई असावी आणि नवरा त्या वेळी जवळ नसावा. हातात कागदावरची जोडी देण्याऐवजी खरी, निर्जीव का होईना, चकती दोन आठवडे दंडावर लावून पाहायला दिली, तर घाम, उकाडा, बाही, बांगडी आणि झोप या सगळ्यांची उत्तरे न विचारताच मिळतात. ज्याने ती तिसऱ्या दिवशी काढून टाकली, त्याच्याकडे चौथ्या दिवशी पुन्हा जाऊन कारण लिहून घेणे हा अशा पाहणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग ठरेल, आणि सध्याच्या अभ्यासांत बहुधा हाच भाग ‘सहभाग सोडला’ एवढ्या दोन शब्दांत आटोपलेला असतो.